डॉक्टरांसमोर नाना "एकदम ठीक" असतात

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे. पंधरा दिवसांपासून घरी चक्कर येते म्हणतात, भिंतीला धरून उठतात. दवाखान्यात खुर्चीवर बसले की मात्र "एकदम ठीक आहे, डॉक्टरसाहेब." मी तोंड उघडलं की "सूनबाई, तू मध्ये बोलू नकोस." दोन मिनिटांत आम्ही बाहेर. काय करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, जे बोलायचं ते आदल्या संध्याकाळी घरीच बोलून घ्या. चहा झाला की नानांना विचारा, "उद्या डॉक्टरांना सगळ्यात आधी काय सांगायचं?" येईल ते त्यांनाच कागदावर लिहू द्या. "पंधरा दिवस झाले, सकाळी पलंगावरून उठताना चक्कर येते, बसलं की थांबते" एवढं पुरे. कधीपासून, केव्हा आणि कशाने बरं वाटतं, सगळं आलं त्यात. तो कागद नानांनीच डॉक्टरांच्या हातात द्यायचा. आपलं दुखणं सुनेनं सांगितलेलं मोठ्या माणसाला लागतं, स्वतःच्या अक्षरातला कागद पुढे करायला त्यांची ना नसते.

आता औषधं. इंदुरात औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझा जन्म गेला, म्हणून यावर जरा जास्त बोलते. लोक डॉक्टरांकडे फाइल नेतात. घरातल्या डब्यात मात्र दवा बाजारातून आणलेली दुसऱ्या कंपनीची गोळी, गुडघ्यासाठी शेजाऱ्यांनी सुचवलेली गोळी, कारल्याची भुकटी, असं फाइलमध्ये नसलेलं बरंच काही असतं. कात्रीनं कापलेली चार गोळ्यांची स्ट्रिप घेऊन माणसं यायची, नाव अर्धं गेलेलं, एक्सपायरीची तारीख तर साफच कापलेली. म्हणून डबा आहे तसा पिशवीत ओता आणि पिशवीच घेऊन जा. बीपीचं एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन, दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा पोटात जात असतं, घरात कुणाला पत्ता नसतो. स्ट्रिपवर बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते जुळवून पाहा. दुखण्याच्या गोळ्याही दाखवा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळीनं बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. नाना एखादी गोळी घेत नसतील तर तेही सांगायला हवं, नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टर डोस वाढवतील.

एक नाजूक गोष्ट. नाना रात्री लघवीला सारखे उठतात का? या वयात प्रोस्टेटचा त्रास पुष्कळांना असतो आणि सुनेसमोर कुठला सासरा तो बोलून दाखवेल? त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन दिलेलं असेल आणि सोबत बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर उठताना चक्कर येऊ शकते. यावेळी नानांच्या मुलाला सोबत पाठवा. ते जमत नसेल तर तुम्ही थोडा वेळ बाहेर बाकावर बसा.

घरी बीपीचं यंत्र असेल तर सकाळी चहाआधी पाच मिनिटं शांत बसवून मोजा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. शेजारी कुणीतरी धरायला हवंच. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांच्या दृष्टीनं ती मोठी खूण आहे. आकडे त्याच कागदामागे लिहा. चक्कर येईल त्या क्षणी शुगरही तपासा. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीनं ती खाली जाते. ७० च्या खाली आली तर लगेच साखरेचं पाणी द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

निघण्याआधी नानांनाच म्हणू द्या, "डॉक्टरसाहेब, मी असं समजलो, बरोबर ना?" आणि बदललेला डोस तिथेच लिहून घ्या.

मधल्या काळात नाना शुद्ध हरपून पडले, जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा छातीत दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.