गाडी कोपऱ्यात, खोका हातात

प्रिय आत्या,

पत्राखाली तुम्ही नाव घातलं नाहीत, म्हणून भाच्याच्या नात्यानंच हाक मारते. महिनाभर शोधून तुम्ही त्याच्यासाठी दिवे लागणारी, गाणी म्हणणारी बॅटरीवरची गाडी नेलीत. त्यानं ती दहा मिनिटं पाहिली आणि संध्याकाळभर रिकाम्या खोक्यात जाऊन बसला. वहिनी हसल्या, तुम्ही घरी येऊन रडलात. आता त्याचा तिसरा वाढदिवस आलाय आणि या खेपेला काय न्यावं, असं तुम्ही विचारताय.

रडू येणं साहजिक आहे, जीव लावून आणलं होतंत. पण त्यानं तुमचं मन मोडलं असं मला वाटत नाही. बटण दाबलं की ती गाडी सगळं आपणच करायची, त्याला नुसतं बघायचं काम. खोक्यात शिरता येतं, लपता येतं, झाकण ओढून घेता येतं, मध्येच डोकं वर काढून ‘भॉक’ करता येतं! त्या वयाला असंच काहीतरी हवं असतं, ज्यात करणारा तो स्वतः असेल.

उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की तो घरातल्या सगळ्यांच्या चपला ओळीनं लावतो आणि कपड्यांचे चिमटे टोपलीतून काढून पुन्हा टोपलीत भरतो. म्हणजे सध्या त्याला रचायचंय, भरायचंय, रिकामं करायचंय. त्याला साधे लाकडी ठोकळे द्या, पण भरपूर द्या. दहा-बाराच असले की मनोरा होण्याआधीच संपतात. आज त्यांची रांग लागेल, वर्षभरानं पूल होईल, पुढे घर. पुढे उपयोगी पडेल म्हणून सहा वर्षांच्या मुलाचं कोडं मात्र नेऊ नका, त्यातून त्याला फक्त ‘मला जमत नाही’ एवढंच कळतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरात नऊ महिन्यांची धाकटी आहे आणि दादाचं खेळणं तिच्या तोंडात जाणारच. साधारण 4 सेंटीमीटर रुंदीच्या नळीतून आरपार जाईल असं काहीही नको. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. छोटी लोहचुंबकं एकाहून जास्त पोटात गेली, तर आतड्याच्या पदरांतून एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटू शकतं. ठोकळेही मोठे, गुळगुळीत, रंगाचे पोपडे न निघणारे बघा.

तरी शंका वाटली तर वहिनींना फोन करा. ‘काय आणू?’ असं विचारलंत की त्या संकोचानं ‘काही नको’ म्हणतील. ‘सध्या तो दिवसभर काय करत असतो?’ असं विचारा, त्या अर्धा तास बोलतील.

आणि वाढदिवसाला जरा लवकर जा. पाहुणे यायच्या आत त्याच्याजवळ जमिनीवर बसा, ठोकळे ओता आणि पहिला ठोकळा त्याला ठेवू द्या.

तुमची,
ताई