स्पॅनिशचा कंडिशनल: क्रियापदाचं शेपूट कापायचं नाही

तुम्ही विचारलंय की आब्लार, म्हणजे बोलणे, यासारखं साधं रेग्युलर क्रियापद स्पॅनिशच्या कंडिशनलमधे, म्हणजे आपल्या बोलले असते सारख्या रूपात, कसं चालवायचं, कधी वापरायचं आणि इम्परफेक्टशी, म्हणजे बोलत होते, बोलायचे या भूतकाळाशी, त्याचा गोंधळ का होतो. मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते आणि बी१ च्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, प्रत्येक बॅचमधे हा प्रश्न येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उच्चार देवनागरीत देतेय, स्पेलिंग तुमच्या पुस्तकात आहेच.

चालवायला हा काळ खरंच खूप सोपा आहे. वर्तमानकाळ शिकताना आपल्याला सवय लागलेली असते की आधी शेवटचा आर, एर किंवा ईर उडवायचा आणि मग प्रत्यय लावायचा. इथे काहीच उडवायचं नाही, अख्खं क्रियापद ठेवायचं आणि त्याला ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन जोडायचं. यो (मी) आब्लारीआ, तू आब्लारीआस, एल (तो) आब्लारीआ, नोसोत्रोस (आम्ही) आब्लारीआमोस, बोसोत्रोस (तुम्ही सगळे) आब्लारीआइस, एय्योस (ते) आब्लारीआन. कोमेर म्हणजे खाणे, त्याचं कोमेरीआ, बिबीर म्हणजे राहणे, त्याचं बिबिरीआ, तिन्ही गटांना प्रत्यय तेच. लॅटिन अमेरिकेत बोसोत्रोस वापरतच नाहीत, त्यामुळे तिकडच्या लोकांशी बोलणार असाल तर एक रूप आणखी कमी. सहाही रूपांत जोर ई वर येतो आणि तिथे अ‍ॅक्सेंटची खूण लिहावीच लागते. यो आणि एल ची रूपं सारखी आहेत म्हणून जिथे कोण ते कळणार नाही तिथे सर्वनाम घालत जा. आपल्याकडे गेलो असतो, गेले असते यावरून पुरुष की बाई ते समजतं, स्पॅनिशमधे तसं काही समजत नाही.

आता गोंधळाचं. वहीत मला सर्रास दिसणारी चूक म्हणजे शेपूट कापून ईआ लावणं. आब्लार चं आब्लीआ. ही चूक लगेच पकडली जाते कारण असा शब्दच नाहीये. पण कोमेर चं शेपूट कापून ईआ लावलं की होतं कोमीआ, आणि हा शब्द आहे, फक्त तो इम्परफेक्टचा आहे, म्हणजे मी खायचे, मी खात होते. चूक अशी लपून बसते. माझी एक विद्यार्थिनी स्पेनला शिकायला गेली होती, घरमालकीणबाईंनी रविवारी जेवायला बोलावलं, हिला लिहायचं होतं की जेवले असते हो तुमच्याकडे पण माझा क्लास आहे, आणि तिने मेसेजमधे कोमेरीआ च्या जागी कोमीआ लिहिलं. बाईंचं उत्तर आलं, के दोमिंगो? म्हणजे कुठला रविवार? मधला एक एर गेला आणि सगळं वाक्य भूतकाळात जाऊन बसलं. आर गटात हा धोका नाही कारण तिथे इम्परफेक्ट आब्लाबा असा वेगळाच होतो, म्हणून सराव करताना मुद्दाम एर आणि ईर ची क्रियापदं घ्या, कोमीआ कोमेरीआ, बिबीआ बिबिरीआ, अशा जोड्या मोठ्याने म्हणा, तो र कानाला ऐकू आला पाहिजे.

प्रत्यय इम्परफेक्टसारखेच का, यालाही कारण आहे. अबेर नावाचं क्रियापद आहे, त्याचं इम्परफेक्ट अबीआ, ते पूर्वी मूळ क्रियापदाच्या मागे ठेवायचे आणि झिजत झिजत त्याचं नुसतं ईआ उरलं. भविष्यकाळही अख्ख्या क्रियापदावरच बनतो, म्हणजे भविष्यकाळाचं अंग आणि त्याला भूतकाळाचे प्रत्यय, अशी ही बांधणी. शाळेत संस्कृत असेल तर लृङ्, म्हणजे तिथला संकेतार्थ, आठवा, अभविष्यत् (झालं असतं). मधे भविष्य, सुरुवातीला अ आणि शेवटी त् हे भूतकाळाचे. युक्ती तीच! मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता आणि त्यानंतर हा काळ कधी पाठ करावा लागला नाही.

वापराचं म्हणाल तर मराठी माणसाचा पाय हमखास घसरतो तो जर-तरमधे, आणि यात आपला दोष नाही, आपली भाषाच तशी आहे. आपण म्हणतो, पैसे असते तर मी फिरायला गेले असते. दोन्हीकडे असते. व्याकरणाच्या पुस्तकात याला संकेतार्थ म्हणतात आणि तो दोन्ही बाजूंना येतो, म्हणून आपण स्पॅनिशमधेही दोन्हीकडे कंडिशनल लावतो, सी तेन्द्रीआ दिनेरो, बियाखारीआ. हे चूक. जरच्या बाजूला सब्जंक्टिव्हचा, म्हणजे इच्छा, शंका, कल्पना यांसाठीच्या रूपाचा, भूतकाळ येतो आणि कंडिशनल फक्त तरच्या बाजूला. सी तुबिएरा दिनेरो, बियाखारीआ. उत्तर स्पेनमधे, बास्क भागात, बुर्गोसकडे स्थानिक लोकच सी तेन्द्रीआ म्हणताना ऐकू येतील, पण ते प्रमाण मानत नाहीत, परीक्षेत मार्क जातील. फक्त सी चा अर्थ की नाही असा असेल तर त्याच्यापुढे कंडिशनल चालतो, नो से सी आब्लारीआ कोनमीगो, तो माझ्याशी बोलला असता की नाही माहीत नाही. अजून एक गोष्ट, आपलं गेले असते हे आजच्या कल्पनेलाही चालतं आणि हुकलेल्या गोष्टीलाही. स्पॅनिशमधे आजची असेल तर बियाखारीआ, गेल्या वर्षीची हुकलेली ट्रिप असेल तर अब्रीआ बियाखादो. मराठीतून भाषांतर करण्याआधी स्वतःला विचारा, वेळ अजून आहे की निघून गेली?

बाकीचे वापर आपल्याला सोपे जातात कारण मराठीत त्यांच्या जवळचं काहीतरी असतंच. फोनवर आपण म्हणतो ना, मला मॅडमशी बोलायचं होतं, खरं तर आत्ता बोलायचंय पण होतं म्हटलं की मऊ होतं, तिथे मे गुस्तारीआ आब्लार. परत सांगाल का, याला ले इम्पोर्तारीआ रेपेतीर. सल्ला देताना यो के तू, आब्लारीआ कोन एय्या, तुझ्या जागी मी असते तर तिच्याशी बोलले असते. तेव्हा तीन वाजले असतील असा मागचा अंदाज असेल तर सेरीआन लास त्रेस. थोडं जपायचं ते तो म्हणाला फोन करेन यात, कारण आपण करेन तसंच ठेवतो, पण फोनची ती वेळ होऊन गेली असेल तर स्पॅनिशमधे दीखो के यामारीआ.

इर्रेग्युलर क्रियापदं मोजून डझनभर आहेत, तेनेर चं तेन्द्रीआ, पोदेर चं पोद्रीआ, देसीर चं दिरीआ अशी, आणि ती भविष्यकाळात जिथे बदलतात तिथेच इथे बदलतात, प्रत्यय तेच राहतात. भविष्यकाळ झाला असेल तर यासाठी वेगळी मेहनत नाही.

आणि तुमचं पुस्तक मेक्सिकोचं असेल तर त्यात कंडिशनल हा शब्द कदाचित सापडणारच नाही, तिथे याला पोसप्रेतेरितो म्हणतात. हे नाव आन्द्रेस बेय्यो यांच्या १८४७ च्या व्याकरणातलं, भूतकाळातल्या एखाद्या क्षणानंतर होणारं, अशा अर्थाचं. गोंधळू नका, तेच आब्लारीआ आहे. बेबेर म्हणजे पिणे, हे चालवून कमेंटमधे टाका, सहाही रूपं अ‍ॅक्सेंटसकट, मी तपासून देते.