घंटागाडीत सापडल्या पिवळ्या पिशव्या. दोष सफाई कामगारावर टाकता येईल का?

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं १२ खाटांचं प्रसूतिगृह आहे. बायोमेडिकल कचरा उचलणाऱ्या कंपनीशी करार आहे, महिन्याचे पैसे वेळेवर जातात. त्यांची गाडी मात्र सोमवारी आणि गुरुवारीच येते. गेल्या महिन्यात एका सोमवारी ती आलीच नाही. मंगळवारी पहाटे नगरपरिषदेच्या घंटागाडीत आमच्या बायोमेडिकल कचऱ्याच्या दोन पिवळ्या आणि एक लाल पिशवी सापडली. आरोग्य निरीक्षकांनी पंचनामा करून पाच हजार रुपये दंड लावला, तो मी लगेच भरला. आता प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारणे दाखवा नोटीस आली आहे. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर प्रसूतिगृह बंद करण्याचे आणि वीज-पाणी तोडण्याचे निर्देश का देऊ नयेत, असं त्यात विचारलं आहे. शिवाय रोज १,२०० रुपयांप्रमाणे ९२ दिवसांची १,१०,४०० रुपये पर्यावरणीय भरपाई मागितली आहे. आमचं ऑथरायझेशन (हा कचरा हाताळण्याची मंडळाची परवानगी) ९२ दिवसांपूर्वी संपलं होतं, नूतनीकरण राहून गेलं. पिशव्या टाकल्या त्या कंत्राटी सफाई कामगाराने, वास मारतोय म्हणून. त्याच्यावर पोलीस तक्रार करून मोकळं व्हा, असं ओळखीचे लोक सांगतात. करू का? आणि यापुढे वार (प्लॅसेंटा) परसात खड्डा करून पुरली तर चालेल का?

उत्तर: डॉक्टर, पोलीस तक्रारीचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. तो तुमच्याच अंगाशी येईल.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कर्तव्यं टाकली आहेत ती भोगवटादारावर, म्हणजे संस्थेचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याच्यावर. नियम १८ प्रमाणे कचरा नीट न हाताळल्यामुळे होणाऱ्या नुकसानीला भोगवटादार किंवा प्रक्रिया केंद्राचा चालक (म्हणजे कचरा नेऊन त्याची विल्हेवाट लावणारी कंपनी) जबाबदार असतो. सफाई कामगार, कंत्राटदार, वॉर्डबॉय यांचा त्यात उल्लेखही नाही. कामगाराकडे बोट दाखवलंत की मंडळाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी त्याला प्रशिक्षण दिल्याची नोंद दाखवा, कावीळ ब आणि धनुर्वाताच्या लशीची नोंद दाखवा, वार्षिक आरोग्य तपासणी दाखवा. नियम ४ प्रमाणे हे सगळं तुम्ही करायचं होतं. कंत्राटी माणसांच्या बाबतीत ही कागदपत्रं बहुतेक ठिकाणी नसतातच. म्हणजे एका आरोपाला उत्तर देताना तीन नवे आरोप तुम्हीच मंडळाच्या हातात द्याल.

शिवाय पोलिसांत गेलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम २७१ समोर येतं: जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल असं निष्काळजी कृत्य, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, पण दखलपात्र आहे. तो एकदा दाखल झाला की तपास कामगारापाशी थांबेल याची खात्री कोण देणार? पोलिसांनी आपणहून बोलावलं तर वकिलाला घेऊन जा आणि तिथे बसून घाईघाईत काही लिहून देऊ नका.

आता नोटिशीकडे वळू. ती कोणत्या कलमाखाली आहे ते पहिल्या पानावर शोधा. बंद करण्याचे आणि वीज-पाणी तोडण्याचे निर्देश पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या कलम ५ खाली दिले जातात. त्या कायद्याखालच्या १९८६ च्या नियमांतला नियम ४ असं सांगतो की प्रस्तावित निर्देशांवर हरकत घ्यायला नोटीस मिळाल्यापासून किमान १५ दिवस द्यायला हवेत. पर्यावरणाला गंभीर हानी होण्याची शक्यता असेल तरच, कारणं लेखी नोंदवून, ही संधी वगळता येते. तुम्हाला सातच दिवस दिले आहेत, हा मुद्दा खुलाशात घ्या. पण त्याच्या भरवशावर सात दिवस उलटू देऊ नका. सातव्या दिवसाच्या आत दोन पानांचं प्राथमिक उत्तर उपप्रादेशिक अधिकाऱ्यांकडे पोचवा, पोच घ्या आणि ईमेलही करा. त्यात तीन मागण्या असाव्यात: पंचनामा आणि फोटोंच्या प्रती, सविस्तर खुलाशासाठी १५ दिवस, आणि प्रत्यक्ष सुनावणी.

पंचनामा हाती आला की पिशव्यांचं वर्णन बारकाईने वाचा. पिशवीवरचा बारकोड क्रमांक नोंदवला आहे का? वजन काट्यावर केलं की ‘अंदाजे सहा किलो’ असं लिहून मोकळे झाले? प्रसूतिगृहाची ओळख कशावरून पटवली? बहुतेक वेळा ती लाल पिशवीतल्या सलाईनच्या बाटलीवरच्या लेबलवरून पटते, ज्यावर रुग्णाचं नाव आणि खाट क्रमांक असतो. (रुग्णाचं नाव असलेलं लेबल तसंच कचऱ्यात जाणं हा वेगळा बेफिकीरपणा आहे, ते फाडून किंवा काळं करूनच बाटली टाकायला हवी.) तुमच्या माणसासमोर पंचनामा झाला नसेल तर तेही लिहा. मात्र पिशव्या तुमच्याच होत्या हे तुम्ही स्वतः लिहिलं आहे, त्यामुळे ‘आमच्या नाहीतच’ असा पवित्रा घेऊ नका. पंचनाम्यातल्या त्रुटींचा उपयोग प्रमाण आणि दिवस ठरवताना होतो, घटना नाकारायला नाही.

नगरपरिषदेचा दंड भरलात म्हणून मंडळाचं प्रकरण संपत नाही; दोन्ही यंत्रणा वेगळ्या. उलट पावतीला कबुली मानलं जाण्याचा धोका असतो. रक्कम हक्क राखून भरली होती, गुन्हा कबूल म्हणून नव्हे, असं एक वाक्य खुलाशात टाका.

तुमचा खरा बचाव गाडीच्या वेळापत्रकात आहे. नियम ८ प्रमाणे शरीराचे अवयव, वार, रक्ताने माखलेला कापूस-ड्रेसिंग असा प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त साठवता येत नाही. लाल पिशवीतलं प्लास्टिक आणि पांढऱ्या डब्यातल्या सुया यांना ही मर्यादा लागू नाही, पण पिवळ्या पिशवीच्या बऱ्याचशा कचऱ्याला आहे. सोमवार-गुरुवार या वेळापत्रकात सोमवार ते गुरुवार ७२ तास होतात आणि गुरुवार ते सोमवार ९६. म्हणजे एकही खाडा न करता गाडी आली तरी दर आठवड्याला नियम मोडतो. वेळेवर कचरा उचलणं ही नियम ५ प्रमाणे कंपनीची जबाबदारी आहे. करारात किती वेळा उचलायचं लिहिलं आहे ते पाहा. काही लिहिलं नसेल तर सही करतानाच चूक झाली.

पण या बचावाला एक भोक आहे. नाइलाजाने ४८ तासांपेक्षा जास्त साठवावं लागलं, तर आरोग्याला धोका होणार नाही अशी व्यवस्था करून, कारणांसह मंडळाला कळवायचं, असं त्याच नियमात म्हटलं आहे. तुम्ही कळवलं होतं का? कंपनीला केलेले फोन, व्हॉट्सॲप, ‘आज गाडी आली नाही’ अशी एखादी ओळ, जे मिळेल ते काढा. काहीच नसेल तर आजच कंपनीला आणि मंडळाला लेखी कळवा, आजचीच तारीख घालून. मागची तारीख घालण्याचा मोह आवरा. कंपनीच्या गाडीला जीपीएस असतं, पिशव्यांना बारकोड असतात आणि स्कॅनची नोंद त्यांच्या संगणकावर असते. खोटी तारीख त्या नोंदीपुढे टिकत नाही.

हेच रजिस्टरबद्दल. रोजच्या कचऱ्याची नोंदवही हा तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा होऊ शकतो किंवा सगळ्यात मोठा घात. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात वार साधारण अर्धा किलोची असते. लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये एका दिवशी तीन प्रसूती आणि कचऱ्याच्या वहीत त्या दिवशी पिवळी पिशवी ‘०.४ किलो’ असेल, तर ती नोंद बसल्या जागी भरली आहे हे कुणालाही कळतं. रोज तोच आकडा, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात महिनाभर, हेही तसंच. घटनेच्या आधीचे ३० दिवस घ्या. प्रसूती आणि सिझेरियनची संख्या, वहीतलं वजन आणि कंपनीच्या पावतीवरचं वजन असे तीन रकाने आखून तपासा. ते जुळत असतील तर तक्ता खुलाशाला जोडा: नेहमी कचरा रीतसर जातो, हा एक दिवस अपवाद, हे त्यातून आपोआप सिद्ध होतं. जुळत नसतील तर वही जोडू नका आणि नव्याने लिहून तर काढूच नका. मागितल्यास आहे तशी दाखवावी लागेल. नोंदी पाच वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे.

ऑथरायझेशन संपलं होतं, हे नाकारता येणार नाही. खाटा असलेल्या रुग्णालयाचं ऑथरायझेशन संमतीपत्राच्या (पाणी आणि हवा कायद्यांखाली मंडळ देतं त्या परवानगीच्या) मुदतीशी जोडलेलं असतं. महाराष्ट्रात दोन्ही एकत्रच मिळतात. खुलासा देण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज शुल्कासह दाखल करा आणि त्याची पोच खुलाशाला जोडा. परिपूर्ण अर्जावर ९० दिवसांत निर्णय झाला नाही तर ऑथरायझेशन मिळाल्याचं मानलं जातं, म्हणून पोचपावतीवरची तारीख महत्त्वाची. मधल्या काळात खाटा वाढल्या असतील तर तेही अर्जात खरं लिहा. दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यायचा वार्षिक अहवाल राहिला असेल तर तोही आत्ताच देऊन टाका. शोधणारा अधिकारी ते पाहतोच.

भरपाईच्या आकड्यावर मात्र भांडायला जागा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णालयासाठी किमान १,२०० रुपये रोज हा दर आहे, तो तुमच्या नोटिशीत उचलला आहे. पण त्या सूत्रात आरोग्याला धोका, संस्थेचा प्रकार, आकार आणि उल्लंघनाचे दिवस हे घटक आहेत. ९२ दिवस कशाचे मोजले? ऑथरायझेशन नसण्याचे ९२ असतील. पिशव्या घंटागाडीत गेल्या त्या एका पहाटे. दोन उल्लंघनं एकत्र मिसळून एकच रक्कम काढली असेल तर प्रत्येक घटकाचा हिशेब मागा. आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली भरपाई मागितली, हेही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात म्हटलं की पाणी आणि हवा कायद्यांखाली मंडळांना अशी भरपाई घेता येते, पण तिची पद्धत आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं नियमांत बसवल्यानंतरच. तुमचं प्रकरण तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या नियमांचं आहे. सुनावणीशिवाय रक्कम भरून मोकळं होणं म्हणजे हे सगळे मुद्दे सोडून देणं.

तुरुंगाची भीती कुणी घातली असेल तर हे लक्षात ठेवा: १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधली कैद गेली. आता चौकशी करून १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती होते. ती भरली नाही तर मात्र पुन्हा कैदेची तरतूद आहेच.

वार परसात पुरण्याचं विसरा. जमिनीत खोल पुरण्याची परवानगी फक्त अशा दुर्गम किंवा ग्रामीण भागाला आहे जिथे सामूहिक प्रक्रिया केंद्राची सोय पोचत नाही, आणि तीही मंडळाच्या पूर्वपरवानगीने, दोन मीटरच्या खड्ड्यात, चुना टाकून. तुमच्याकडे गाडी येते, म्हणजे हा मार्ग बंद. ७५ किलोमीटरच्या आत केंद्राची सेवा असताना स्वतःची प्रक्रिया यंत्रणाही उभारता येत नाही. वासावर उपाय म्हणून काही ठिकाणी वारेवर हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) ओततात, तेही करू नका: भट्टीत जाळायच्या अशा कचऱ्यावर आधी रसायनं टाकायला नियमांत मनाई आहे, कारण क्लोरीन असलेला कचरा जळताना डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. छोटा डीप फ्रीझर घ्या, फक्त पिवळ्या पिशव्यांसाठी, कुलूपबंद खोलीत. त्याने वास थांबेल, पण ४८ तासांचं घड्याळ थांबणार नाही. गाडी चुकली की मंडळाला ईमेल करायचा तो करायचाच. पिशवी तीन-चतुर्थांश भरली की बांधायची, बारकोड लावायचा, वजन वहीत लिहायचं, आणि खोलीची किल्ली सफाई कामगाराकडे नाही, ठरवलेल्या एका सिस्टरकडे. ३० पेक्षा कमी खाटा असल्या तरी एक पात्र व्यक्ती या कामासाठी नेमावीच लागते. तिचं नाव लेखी नेमणूकपत्रासह खुलाशात द्या. कंपनीला आठवड्यातून किमान चार फेऱ्यांची लेखी मागणी करा, सुट्टीच्या दिवसासकट. नकार आला तर तो नकारच मंडळापुढे तुमचा कागद होईल.

इतकं करूनही मंडळाचा आदेश विरुद्ध गेला, तर २०१६ च्या नियमांखालच्या आदेशावर राज्याच्या पर्यावरण सचिवांकडे नमुना ५ मध्ये अपील करता येतं. मुदत आदेश कळल्यापासून ३० दिवस. आदेश टपालाने आला तर पाकीट फेकू नका. त्यावरच्या शिक्क्याची तारीखच मुदत मोजायला लागते.