उत्तर: रामनदीसाठी ग्रामपंचायती आणि महापालिका एकत्र कशा येतील?

पुण्याच्या रामनदीसाठी काम करणाऱ्या तुमच्या गटाने विचारलंय की नदी दोन हद्दींत वाटलेली असताना गावं आणि शहर यांना एकत्र कसं आणायचं. तुमची अडचण नेमकी आहे. रामनदी उगम पावते भूगाव-भुकूमच्या बाजूला, ग्रामपंचायतींच्या हद्दीत. पुढे बावधन, पाषाण, बाणेर करत ती औंधजवळ मुळेला मिळते, आणि तो पट्टा पुणे महापालिकेचा. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यात बावधन बुद्रुकही आलं. हद्द वर सरकली, उगम मात्र बाहेरच राहिला. त्यामुळे गावं महापालिकेत घेतली की प्रश्न सुटेल, हे मला पटत नाही.

संयुक्त समितीवरही माझा फार भरवसा नाही. बैठक होते, इतिवृत्त निघतं, अधिकाऱ्याची बदली होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुळा नदीच्या संगमापासून उगमापर्यंत एकच संस्था हवी, आणि तिच्यात प्रत्येकाने भरायचा हिस्सा सक्तीचा हवा.

हे कुठे जमलंय? जर्मनीत, रूरच्या कोळसा पट्ट्यातल्या एमशर नदीवर. डॉर्टमुंडजवळ उगम पावून ऱ्हाईनला मिळणारी ही ८० किलोमीटरहून लांब नदी. खाणींमुळे तिथली जमीन खचायची, जमिनीखाली ड्रेनेजलाइन टाकली तर ती फुटायची. म्हणून मैलापाणी नदीतूनच न्यायचं ठरलं. पात्र सरळ करून तळाला काँक्रीट घातलं. या कामासाठी १८९९ मध्ये काठची शहरं आणि खाणमालक यांची एक संस्था उभी राहिली, १९०४ मध्ये प्रशियाने, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या राज्याने, तिच्यासाठी वेगळा कायदा केला. सभासद होणं ऐच्छिक राहिलं नाही. जो जितकी घाण सोडेल, तितका त्याचा हिस्सा.

कोळशाच्या खाणी त्या भागातून हटल्यावर जमीन स्थिरावली आणि १९९२ पासून त्याच संस्थेने नदी पुन्हा जिवंत करायला घेतली. सुमारे साडेपाच अब्ज युरो आणि ३० वर्षं लागली. २०२१ अखेर एमशरमध्ये मैलापाणी जाणं थांबलं. संस्था आधीच उभी होती, वर्गणीची घडी बसलेली होती, म्हणूनच तीस वर्षं हे काम टिकलं असं मी मानतो.

त्यातली मुख्य मैलावाहिनी बघा. डॉर्टमुंड ते डिन्सलाकेन, ५१ किलोमीटर. दर किलोमीटरला साधारण दीड मीटर उतार, कारण पाणी आपोआप वाहायला हवं. सपाट प्रदेशात असा उतार धरत गेलं की पाइप खोल खोल जातो; काही ठिकाणी तो ४० मीटर खाली आहे आणि वाटेत तीन ठिकाणी पंपाने पाणी वर उचलावं लागतं. हा पाइप कुठल्या एका शहराने टाकायचा? टाकणंच शक्य नाही. वरच्या शहरात पाइप किती खोल घालायचा हे खालच्या शहराशी ठरवूनच घालावं लागतं.

क्रमही लक्षात घ्या. आधी मैलावाहिनी, मग काँक्रीट काढणं, मग काठ. आपल्याकडे पहिली निविदा काठावरच्या फरसबंदीची आणि दिव्यांची निघते. तुमच्या गटाने याला ठाम विरोध करावा, अगदी लोक नाराज झाले तरी. पावसाच्या पाण्याचंही तिथे वेगळं ठरवलं गेलं: २००५ मध्ये शहरांनी करार केला की १५ वर्षांत १५ टक्के पावसाचं पाणी गटारातून बाहेर काढायचं, जिरवायचं किंवा थेट ओढ्यात सोडायचं.

आपल्याकडे कायद्याचा आधार नाही असं नाही. घटनेच्या कलम २४३ झेडडी प्रमाणे जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक बाबी विचारात घ्यायच्या असतात. पाण्याची वाटणी आणि पर्यावरण संवर्धन त्यात स्पष्ट लिहिलंय. महानगर नियोजन समितीसाठी २४३ झेडई मध्ये तशीच तरतूद आहे. जिल्हा समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, तेव्हा निवेदन तिथे द्या आणि पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) प्रत पाठवा, कारण वरच्या गावांचं नियोजन त्यांच्याकडे आहे.

त्याआधी नदीकाठाने चालत जाऊन पात्रात उघडणारा प्रत्येक पाइप नकाशावर घ्या, हद्दीची रेघ वेगळ्या रंगात काढा. मोठ्या गृहप्रकल्पांना प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं त्या संमतीपत्रात एसटीपीची (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाची) क्षमता लिहिलेली असते, ती शेजारी नोंदवा. ग्रामसभेच्या ठरावात नुसतं ‘सहकार्य करू’ असं लिहू नका. कोणाचं किती मैलापाणी आणि त्यावरून कोणाचा किती हिस्सा, हे सूत्र ठरावातच असू द्या.