पोट लहान झालं, तरी भडंगाकडे हात का जातो?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): वजन कमी करायला स्लीव्हचं (जठर कापून लहान करण्याचं) ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. सुरुवातीला जेवायची आठवणच व्हायची नाही. आता संध्याकाळी भडंगाचा डबा उघडला की हात थांबत नाही. पोट पुन्हा ताणलं का?

उत्तर: थोडं ताणलं असेलही, पण आधी डब्याकडे बघू. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. त्यात वरचा फुगीर भाग जातो, आणि भूक चेतवणारं संप्रेरक घ्रेलिन मुख्यतः तिथलंच. शिवाय अन्न आतड्यात लवकर उतरतं, म्हणून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही ‘बास झालं’ सांगणारी संप्रेरकं जेवणानंतर जास्त सुटतात. रक्तातून आणि पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नसेतून हा निरोप मेंदूला पोचतो. वर्ष-दीड वर्षानं भूक काही प्रमाणात परततेच. त्यात तुमचा दोष नाही.

खाखा मात्र निराळी. तिला पोट रिकामं लागत नाही. ठरलेली वेळ, फोडणीच्या लसणाचा वास आणि समोर मालिका एवढं पुरतं. त्यात भडंग चावताच मऊ होऊन सरकतं, पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत वाटी संपते. अंडं किंवा चिकन असं सहज उतरत नाही, म्हणून ताटात पहिला घास प्रथिनांचा घ्या: पनीर, अंडी, मटकीची उसळ, मिळून दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. जेवण वीस-तीस मिनिटं चालू द्या. जेवताना पाणी नको, नंतर अर्ध्या तासानं प्या. भडंग खायचंच तर वाटीत काढा, डबा माळ्यावर. (घरच्यांनीही त्या वेळी समोर बसून खाऊ नये, हे त्यांना वाचून दाखवा.)

प्रश्न (सातारा): वजन कमी करायच्या बायपासनंतर (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून आतड्याला जोडतात ते) दोन कंदी पेढे खाल्ले. वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ. हार्टचं काही?

उत्तर: बहुधा डंपिंग. साखर एकदम आतड्यात उतरते आणि पाणी ओढून घेते. छातीत दुखलं तर मात्र अंदाज बांधत बसू नका, दवाखाना गाठा. त्रास एक ते तीन तासांनी झाला, तर इन्सुलिन जादा सुटून रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तेव्हा ग्लुकोमीटर लावा.

आणि न विचारलेलं एक: अशा ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील, दोन-दोन दिसत असेल किंवा तोल जात असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) संपलं की मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ऑपरेशन झालंय हे तिथे आधी सांगा. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिनचं इंजेक्शन लागतं.