पंचवीस की बावन्न?

ताई, सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत रुजू झालात, तर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसेल. तुम्ही 'पंचवीस' म्हणाल आणि एखादं पोर वहीत ५२ लिहील. त्याला लगेच कच्चं ठरवू नका. तेलंगणातून कामासाठी आलेल्या घरात ते तेलुगू बोलतं. तिथे पंचवीस म्हणजे 'इरवै ऐदु', आधी वीस, मग पाच. कन्नडमध्येही 'इप्पत्तैदु', तोच क्रम. मराठीत मात्र पाच आधी ऐकू येतो, आणि पोर ऐकल्या क्रमाने लिहितं. 'एकोणतीस' तर आणखी अवघड: ऐकू येतो तीस, लिहायचे २९! २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला. मला ती पायरी उपयोगाची वाटते. पण पंचवीसही शिकवायलाच हवं, बाजारात तेच चालतं.

म्हणून आधी मुलांना त्यांच्या भाषेत मोजू द्या. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा, दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवा, मग तिन्ही भाषांतली नावं फळ्यावर शेजारी लिहा. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर मुलांकडूनच शिका. त्यांचे चेहरे खुलतात.

'अडीच'लाही वेळ द्या. तेलुगूत 'रेंडुन्नर', म्हणजे दोन आणि अर्धा, सरळ. आमच्या अडीचमध्ये दोन दिसतच नाही. टॉवेल मापून दाखवा: दोन पूर्ण हात, एक अर्धा. आईवडील कारखान्यात मापं घेतातच, त्यांना एकदा वर्गात बोलवा.