हाताने केलेलं डायजेशन ठीक, रोबोटवर अर्धवट: ट्रिप्सिनचा लॉट बदलण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली. तेच लायसेट (पेशी फोडून काढलेला प्रोटीनचा द्रव), तोच ट्रिप्सिनचा, म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचा, लॉट. डायजेशन, म्हणजे प्रोटीन कापणं, हाताने केलं की मिस्ड क्लीव्हेज (कापायच्या राहिलेल्या जागा) १५ टक्क्यांच्या आत, आठ चॅनेलच्या पिपेटिंग रोबोटवर केलं की ३५ च्या वर, आणि दर प्लेटला आकडा वेगळा. सर्व्हिसवाले म्हणतात मशीन पास आहे, एन्झाइम बदला. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. एन्झाइम बदलू नका, पैसे वाचवा.

रिडक्शन-अल्किलेशनचं (कापण्याआधी प्रोटीनचे सल्फर-बंध तोडून बंद करण्याचं) गणित इथे देत नाही, ते तुम्हाला येतं. घोळ त्यापुढच्या, युरिया पातळ करण्याच्या, पायरीत आहे. तुम्ही लिहिलंय: २० मायक्रोलिटर सँपल ८ मोलर युरियात, त्यावर १४० मायक्रोलिटर ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट (बफर), मग '२० मायक्रोलिटरने ३ वेळा मिक्स'. ती शेवटची ओळ पुन्हा वाचा. १६० मधले २० हलवून काय मिसळणार? ८ मोलर युरिया पाण्यापेक्षा साधारण १२ टक्के जड असतो, तो तळाशी बसतो आणि बफर वर तरंगतो. प्रोटीन त्या युरियातच आहे. मग रोबोट वरून ट्रिप्सिन सोडतो. म्हणजे प्रोटीन तळमजल्यावर आणि ट्रिप्सिन गच्चीवर. जे थोडं ट्रिप्सिन खाली पोचतं त्याला तिथला घट्ट युरिया काम करू देत नाही. ३७ अंशावर रात्रभरात थर आपोआप थोडेफार मिसळतात, म्हणून निकाल शून्य येत नाही, अर्धवट येतो, आणि दरवेळी वेगळा अर्धवट येतो. हाताने करताना आपण व्होर्टेक्स करतो, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळतो. ते प्रोटोकॉलमध्ये कुणी लिहीत नाही, म्हणून रोबोटला कुणी सांगत नाही.

आता सर्व्हिस ऑफिसबद्दल. कुठलं ते लिहीत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. त्यांचा माणूस येतो, पाणी उचलतो, वजन करतो, सर्टिफिकेटवर सही करतो, व्हिजिटचं बिल लावतो. युरियावर चाचणी घ्या म्हटलं की 'आमच्या प्रोसिजरमध्ये नाही'. दुसऱ्यांदा बोलावलं तर तेच पाणी, तेच सर्टिफिकेट, नवीन बिल. अरे बाप्पा, प्लेटमध्ये पाणी नाहीच तर पाण्यावर पास होऊन काय उपयोग? व्हॉल्यूम बरोबर पडतोय एवढंच ते सर्टिफिकेट सांगतं. मिसळतंय की नाही हे त्यात कुठेच नसतं.

ही चाचणी स्वतः करा. खाण्याचा लेमन यलो रंग, म्हणजे टार्ट्राझिन, आपल्या नागपुरात इतवारीत कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. तो चिमूटभर ८ मोलर युरियात घोळवा, २० मायक्रोलिटर वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) टाका आणि आहे तोच प्रोग्राम चालवा. मग हळूच वरून ५० आणि तळातून ५० मायक्रोलिटर काढा आणि प्लेट रीडरवर ४२५ नॅनोमीटरला वाचा. दोन्हींत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दोष मिक्सिंगचाच. रीडर नसेल तर पांढऱ्या कागदावर प्लेट उचलून बाजूने बघा, पिवळा थर डोळ्यांनाही दिसतो.

दुरुस्ती अशी. मिक्स व्हॉल्यूम एकूण व्हॉल्यूमच्या ६० टक्क्यांच्या वर, म्हणजे तुमच्याकडे १०० मायक्रोलिटर, ८ ते १० वेळा. उचलायचं तळापासून १ मिलिमीटरवरून, सोडायचं ५-६ मिलिमीटर वर. एकाच उंचीवर उचल-सोड केली तर तोच घोट फिरत राहतो. यासाठी २० चं पिपेट नको, ३०० चं लावा. युरिया उचलताना वेग निम्मा, उचलल्यावर १-२ सेकंद थांबा, टिप सावकाश बाहेर. ट्रिप्सिन २ मायक्रोलिटर टाकताय तेही बदला. ५० मायक्रोग्रॅम प्रोटीनला १ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन हवं, तर ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर करून १० टाका आणि पुन्हा तसंच मिक्स करा. ट्रिप्सिन ५० मिलिमोलर अॅसिटिक अॅसिडमध्ये, थंड ब्लॉकवर. बफरमध्ये आधीच घोळवून डेकवर (रोबोटच्या ओट्यावर) ठेवलं तर ते स्वतःलाच खात बसतं. युरियाचा स्टॉक मात्र थंड ब्लॉकवर ठेवू नका. ४ अंशावर ८ मोलर युरियाचे खडे धरू शकतात आणि टिप चोंदते.

एक गोष्ट आधी तपासा, नाहीतर मला शिव्या द्याल. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो अॅसिडांपाशी कापतं; मिस्ड क्लीव्हेज दोन्हींवर आहे का? दोन्हीकडे असेल तर वरचं सगळं लागू. फक्त लायसिनवर असेल तर कार्बामायलेशन बघा, मास स्पेक डेटाच्या सर्चमध्ये +४३.००६ डाल्टनचं मॉडिफिकेशन टाकून. युरियातून सायनेट तयार होतं, ते लायसिनला चिकटतं आणि तिथे ट्रिप्सिन कापत नाही. आपल्याकडे मे महिन्यात रात्री एसी बंद केला की शेल्फवरची बाटली किती तापते ते वेगळं सांगायला नको. युरिया त्याच दिवशी करा आणि ३७ च्या वर कधीच तापवू नका.

उन्हाळ्याचाच दुसरा त्रास बाष्पीभवनाचा. डेकवर उघड्या प्लेटमध्ये रात्रभर डायजेशन नागपुरात एप्रिल-मेमध्ये करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कडेच्या वेल आधी आटतात आणि तिथला युरिया पुन्हा घट्ट होतो. फॉइल सील लावून प्लेट थर्मोसायकलरमध्ये (तापमान राखणाऱ्या पीसीआर यंत्रात) हलवा, झाकण ५० अंशावर. कॉलम १ आणि १२ मध्ये महत्त्वाची सँपल्स ठेवू नका. कूलरचा झोत डेकवर येत असेल तर तो आधी वळवा.

हे सगळं एअर-डिस्प्लेसमेंट (हवेच्या दाबाने उचलणारं) पिपेट आणि २०० मायक्रोलिटरच्या पीसीआर प्लेटसाठी. शेकर असलेला डेक असेल तर आकडे बदलतील, पण रंगाची चाचणी तरीही करा. तुमची लॅब जीएलपीखाली (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिसच्या नियमांखाली) असेल तर प्रोग्रामला हात लावण्याआधी क्यूएची (गुणवत्ता विभागाची) सही घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

आणि सँपल २० च्या वर नेऊ नका. २५ मायक्रोलिटर ८ मोलर १ मोलरवर आणायला एकूण बरोबर २०० करावे लागतात, वेल काठोकाठ भरते, टिप आत गेली की शेजारच्या वेलमध्ये सांडतं. २० घेऊनही शेवटी १७० होतातच. त्यात डायजेशन थांबवायला १० टक्के टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसिटिक अॅसिड) १७ मायक्रोलिटर टाकलं की बायकार्बोनेट फसफसतं. ते दोन हप्त्यांत, सगळ्यात कमी वेगाने सोडा आणि मध्ये मिनिटभर थांबा. त्यानंतर एका वेलमधलं १ मायक्रोलिटर पीएच पट्टीवर टेकवून ३ च्या खाली आलंय का बघा.